वसंतातील हिमस्तराची स्थिरता व हिमस्खलनाचा धोका

वसंतातील हिमस्तराची स्थिरता : हिवाळाभर डोंगरउतारांवर साचलेले हिम मार्च ते जून या काळात वितळू लागले असता ते उतारावर टिकून राहील की घसरेल, याचा जागेवर बांधलेला अंदाज. रस्ते आणि स्कीकेंद्रांलगतचे उतार अनेक ठिकाणी स्फोटके लावून आधीच मोकळे केले जातात; त्यांपलीकडच्या दुर्गम भागात मात्र हा अंदाज गिर्यारोहकाला स्वतःच बांधावा लागतो. येथे मुख्यतः हिमालयाचा विचार केला आहे.

कोरड्या हिमातील स्खलनात सामान्यतः खालचा एखादा दुर्बळ थर वरच्या भाराने तुटतो. वसंतात पाणी हे वेगळेच कारण पुढे येते. संपूर्ण हिमस्तराचे तापमान ०° से.पर्यंत चढले, की वितळलेले पाणी खाली झिरपते, वाटेत एखादा बर्फाचा पापुद्रा आडवा आला तर त्यावर पसरते आणि तेथील कणांमधले बंध सोडवते. पाणी एखाद्या खोल, दुर्बळ थरापर्यंत पहिल्यांदाच पोचते तेव्हा धोका सर्वांत मोठा असतो, कारण जानेवारीपासून निमूट पडून असलेला थर अशा वेळी मोठ्या क्षेत्रावर एकदम सुटू शकतो. पुढे पाण्याला वाटा सापडतात, कण जाडेभरडे होतात आणि हिमस्तर रात्री गोठणे व दिवसा सैल पडणे या चक्रात स्थिरावतो.

या चक्रामुळेच वसंतात ‘कोठे’ इतकाच, किंबहुना त्याहून अधिक, ‘किती वाजता’ हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. निरभ्र रात्री हिमपृष्ठ आपली उष्णता आकाशाकडे उत्सर्जित करते, त्यामुळे हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असले तरी पृष्ठभाग गोठू शकतो. ढगाळ रात्री मात्र पारा बराच उतरूनही कवच पातळच राहते. म्हणून पहाटेच्या तापमानाच्या नोंदीपेक्षा रात्री आकाश कसे होते हे विचारणे अधिक उपयोगाचे. सूर्योदयानंतर आधी पूर्वेकडचे, मग दक्षिणेकडचे व दुपारनंतर पश्चिमेकडचे उतार सैल होतात. उत्तरेकडच्या उतारांवर हिवाळी थर कित्येक आठवडे अधिक टिकतात, आणि तेथील थंडाव्यावर विसंबणे चुकीचे ठरू शकते.

तपासणीची साधने साधी आहेत. पहाटे बुटाची टाच आपटून कवच फुटते का ते पाहतात. फुटलेच, तर खालचे हिम मुठीत दाबतात. बोटांमधून पाणी ओघळले तर त्या उतारावरून मागे फिरणे इष्ट. पाय घोट्याच्या वर रुतू लागणे, खडकांजवळून हिमाचे गोळे आपोआप घरंगळू लागणे आणि कड्यावरच्या हिमछज्जांतून पाणी ठिबकणे ही पुढची लक्षणे होत. हिमखड्डा खणून दर १० सेंमी.वर तापमान घेतल्यास ओलावा किती खोल गेला ते कळते. हिमाच्या स्तंभावर फावडे ठेवून हाताने ठोके देण्याची चाचणी हिवाळ्यात उपयुक्त असली, तरी ओल्या हिमात तिचा निष्कर्ष तासाभरात शिळा होतो. उताराचा कोन ३०° ते ४५° असेल तेथे धोका सर्वाधिक. आपण सपाटीवर असलो तरी डोक्यावर असा उतार असल्यास तो गणतीत धरावाच लागतो.

हिमालयात हे गणित आणखी गुंतागुंतीचे आहे. येथील सूर्य आल्प्सच्या तुलनेत अधिक माथ्यावर येतो, आणि पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणाऱ्या पाऊस-हिमाच्या वादळी प्रणाली) एप्रिलमध्येही नवे हिम आणतात, त्यामुळे एकाच दिवशी खाली ओली व वर कोरडी स्खलने संभवतात. २३ एप्रिल २०२१ रोजी उत्तराखंडातील चमोली जिल्ह्यात सुमना येथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन कोसळले, ते काही दिवसांच्या पावसानंतर व हिमवृष्टीनंतर. ४ एप्रिल २०२३ रोजी सिक्कीममधील नाथू ला मार्गावर हिमस्खलनात सात पर्यटक दगावले.

भारतात हिमस्खलनाच्या अभ्यासासाठी मनाली येथे १९६९ मध्ये स्थापन झालेली संस्था २०२० मध्ये चंदीगडस्थित संरक्षण भू-माहितीशास्त्र संशोधन संस्थेत विलीन झाली. तिची इशारापत्रके जिल्हा वा प्रदेशापुरती असतात. विशिष्ट उताराबद्दल ती काही सांगत नाहीत. मे महिन्यात महाराष्ट्रातून मोठ्या संख्येने पदभ्रमणासाठी जाणाऱ्या गटांना खिंड ओलांडण्यासाठी पहाटेच्या अंधारात निघायला लावतात, त्यामागे रात्री गोठलेले हिम दिवसा सैल पडते, हेच कारण आहे. गाडले गेलेल्याचा शोध ४५७ किलोहर्ट्झवर चालणारे प्रक्षेपक (अंगावर बाळगायची रेडिओ-संकेत यंत्रे), शोधकाठी व फावडे यांनी घेतात; मात्र ओले हिम थांबताच काँक्रीटसारखे घट्ट बसते आणि ते खणण्यास कोरड्या हिमापेक्षा पुष्कळ अधिक वेळ लागतो.