कुंकू काळं, आकाश पांढरं

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचे घरगुती फोटो निरखून पाहिले तर बायकांच्या कपाळावरचं लाल कुंकू काळंभोर दिसतं. मागे आकाश असेल तर ते मात्र कोरं, पांढरं. यात फोटोग्राफरचं काहीच चुकलेलं नसे. त्याच्या काचेच्या प्लेटला लाल रंग दिसतच नव्हता.

प्लेट असो वा रोल, त्यावर जिलेटिनच्या पातळ थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक पसरलेले असतात. या स्फटिकांना मुळात निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाशच जाणवतो. लाल प्रकाशाच्या कणात इतकी कमी ऊर्जा असते की स्फटिकातला इलेक्ट्रॉन त्याला मोकळा करता येत नाही. ठरावीक रंगद्रव्यं मिसळली तर हेच स्फटिक हिरव्या प्रकाशालाही दाद देतात, हे 1873 साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हर्मान फोगेल यांनी शोधून काढलं. लालसकट सगळे रंग ओळखणाऱ्या पँक्रोमॅटिक प्लेटा बाजारात यायला मात्र 1906 साल उजाडावं लागलं.

कृष्णधवल फिल्मवर जीव असणाऱ्यांचं पहिलं कारण इथेच दडलेलं आहे. लाल रंग किती गडद दिसावा आणि निळा किती फिका, हे निसर्गानं ठरवून दिलेलं नाही. ते इमल्शन, म्हणजे जिलेटिन आणि स्फटिकांचा तो थर, ठरवतं, आणि भिंगावर फिल्टर चढवून फोटोग्राफर त्यात ढवळाढवळ करू शकतो. मे महिन्यातल्या गुलमोहराचा साधा कृष्णधवल फोटो काढा, फुलं आणि पानं जवळजवळ सारख्याच करड्या छटेत मिसळून जातात. लाल फिल्टर लावला की फुलं उजळतात, पानं काळवंडतात. हिरवा लावला की बरोबर उलट. अमेरिकेत योसेमिटीच्या हाफ डोम या कड्यासमोर 1927 साली फोटोग्राफर अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स उभे होते, तेव्हा त्यांच्याकडे दोनच प्लेटा उरल्या होत्या. पहिला फोटो त्यांनी पिवळ्या फिल्टरनं घेतला आणि लगेच त्यांच्या ध्यानात आलं, की मनातलं गंभीर आकाश यात उतरणार नाही. शेवटच्या प्लेटसाठी त्यांनी गडद लाल फिल्टर लावला. आकाश जवळपास काळं झालं आणि तो कडा जगप्रसिद्ध झाला.

हे सगळं आता संगणकावर करता येतं, आणि तेही फोटो काढून झाल्यावर, हे खरंच आहे. तरीही लोक फिल्म का वापरतात? माझ्या मते याचं उत्तर शटर उघडल्यानंतर त्या स्फटिकात जे घडतं त्यात आहे, आणि ते विलक्षण आहे.

प्रकाशकण आदळला की स्फटिकात एक इलेक्ट्रॉन सुटतो. तो चांदीच्या आयनाला मिळाला की चांदीचा एक अणू तयार होतो. असे चारेक अणू एका जागी जमले की तो स्फटिक 'उघडा पडलेला' ठरतो. अब्जावधी अणूंच्या स्फटिकात अवघे चार! डोळ्याला काहीच दिसत नाही, पण डेव्हलपरमध्ये, म्हणजे प्रतिमा उमटवणाऱ्या रसायनात, बुडवल्यावर त्या चार अणूंपासून सुरुवात होऊन अख्ख्या स्फटिकाची चांदी होते. हे सुमारे अब्जपट वर्धन झालं. ही यंत्रणा 1938 मध्ये गर्नी आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी उलगडून दाखवली. काही जिलेटिनवरची फिल्म इतरांपेक्षा जास्त संवेदनशील का, हे त्याआधीच, 1920च्या दशकात, कोडॅकच्या सॅम्युएल शेपर्ड यांनी शोधलं होतं. जिलेटिन गुरांच्या कातडी-हाडांपासून बनतं, आणि गुरांनी मोहरीसारखी झाडं खाल्ली असतील तर त्यातल्या गंधकाचा अंश जिलेटिनमध्ये उतरतो. फिल्मची संवेदनशीलता त्या गंधकामुळे वाढते!

प्रकाश वाढत जाईल तशी निगेटिव्हवरची चांदी किती वाढते, याचा आलेख हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी 1890 मध्ये मांडला. आलेखाची रेषा वरच्या टोकाला एकदम तुटत नाही, हळूहळू वाकते. म्हणून भर उन्हातलं पांढरं धोतर किंवा ढगाची कड निगेटिव्हवर तपशील राखून असते. डिजिटल सेन्सरचा पिक्सेल मात्र एकदा भरला की भरला, पुढचं सगळं सपाट पांढरं. अंधाऱ्या भागात उलट सेन्सर सरस ठरतो, हेही मान्य करायला हवं.

रोल घरी धुता येणं हा तर मोठाच आनंद. रंगीत निगेटिव्हचं रसायन 37.8 अंशांवर जवळजवळ तंतोतंत ठेवावं लागतं. कृष्णधवल रोल साधारण 20 अंशांवर धुतात आणि तापमान थोडं चढलं तर वेळ कमी करून भागतं. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचं पाणीच तिशी ओलांडतं, तेव्हा बाटल्या बर्फाच्या पाण्यात ठेवाव्या लागतात, एवढंच. वेळ वाढवली की कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, वाढतो, कमी केली की घटतो. म्हणजे ढगाळ दिवशी काढलेल्या मवाळ फोटोत जोर आणणं आपल्याच हातात असतं.

आणि शेवटी हातात राहते ती चांदी. रंगीत फिल्ममधली चांदी धुताना काढून टाकतात, उरतात फक्त रंगद्रव्यं, आणि ती विटतात. 1970-80च्या दशकातले कितीतरी रंगीत फोटो आज तांबूस पडलेत ते त्यामुळेच. कृष्णधवल निगेटिव्हवरची प्रतिमा धातूची असते. न वापरलेले स्फटिक विरघळवणारा हायपो इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी 1819 मध्येच तपासला होता, आणि आजही फिक्सरमध्ये त्याच्याच कुळातलं रसायन असतं. त्यानंतर वाहत्या पाण्यात रोल नीट धुवायला मात्र हवा. हायपोचा अंश मागे राहिला तर काही वर्षांनी पिवळे डाग उमटतात, आणि मग चांदीचाही उपयोग नाही.