नळीच्या एक्स-रेनं पिशवी जळत नाही

कापूस वेचता वेचता आमच्या यवतमाळकडच्या बाया हमखास सांगतात, ‘नळीचा फोटो काढू नको वं, पिशवी जळते.’ जळत काहीच नाही. पिशवी म्हणजे गर्भाशय; दिवस राहत नसतील तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या गर्भनळ्या मोकळ्या आहेत का, हे बघायचा हा एक्स-रे. रक्तस्राव थांबल्यावर, पाळीच्या साधारण ६ ते १० व्या दिवसात, गर्भाशयाच्या तोंडातून आयोडीनयुक्त औषध सोडतात. ते नळ्यांतून पोटात सांडताना एक्स-रेत दिसलं, की नळ्या मोकळ्या. काही मिनिटं पाळीसारखी कळ येते, हे मात्र खरं. क्वचित जंतुसंसर्ग होतो. ताप आला तर लगेच दवाखाना गाठायचा. उलट नेदरलँड्समधल्या २०१७ च्या अभ्यासात तेलयुक्त औषध वापरलेल्या जवळपास ४० टक्के बायकांना सहा महिन्यांत दिवस राहिले. पाण्यातल्या औषधानं २९ टक्के. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी? ती आधी करा, दुखत तर नाहीच.