तुतीचे फळ (आहारमूल्य व औषधी उपयोग)

तुती ही वड, उंबर आणि फणस यांच्याच कुळातली, मोरेसी कुळातली. पुण्याच्या परिसरात तिला आधी मान मिळाला तो पाल्यामुळे. १८३०च्या दशकात मुत्ती नावाच्या इटालियन गृहस्थाने पुण्याजवळ तुती लावून रेशीम काढण्याचा खटाटोप केला. तो काही टिकला नाही. आजही जिल्ह्यात तुतीचे शेत म्हणजे रेशीमकिड्यांचा चारा. खायची तुती पुणेकरांना भेटते ती एखाद्या जुन्या बंगल्याच्या कुंपणाशी, नाहीतर उन्हाळ्याच्या तोंडावर महाबळेश्वरहून स्ट्रॉबेरीबरोबर येणाऱ्या डब्यांत.

१०० ग्रॅम ताज्या फळांत सुमारे ८८ ग्रॅम पाणीच असते. उष्मांक ४३, तंतू १.७ ग्रॅम, क जीवनसत्त्व ३६ मिलिग्रॅम, लोह १.८५ मिलिग्रॅम. क जीवनसत्त्वाचा आकडा खरोखर चांगला आहे: प्रौढ स्त्रीची निम्म्याहून अधिक गरज त्यात भागते. लोहाचे मात्र कौतुक जरा जास्तच होते. फळाचा रंग रक्तासारखा म्हणून ‘तुतीने रक्त वाढते’ असे सर्रास सांगतात. पण भारतीय स्त्रीला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते, त्यापुढे हे चिमूटभरच. सोबतच्या क जीवनसत्त्वामुळे ते अंगी लागायला मदत होते, एवढे खरे. बोटे आणि शर्ट जांभळे करणारा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. ही द्रव्ये ऑक्सिडीकरणरोधक (अँटिऑक्सिडंट) आहेत.

भावप्रकाश या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात पिकलेले तूत जड, मधुर, थंड आणि पित्त-वात शमवणारे मानले आहे. कच्चे आंबट, उष्ण व रक्तपित्त (अंगातून रक्त जाण्याचा विकार) वाढवणारे. झाडाखाली हिरवी-लाल फळे ओरबाडणाऱ्या पोरांना घरचे दटावतात, त्याला ग्रंथाचाही आधार आहे म्हणायचा. युनानी हकीम घसा बसला किंवा दुखला की काळ्या तुतीचे सरबत देतात.

मधुमेहाच्या बाबतीत मात्र पाला आणि फळ यांची गल्लत होते. पिष्टाचे साखरेत रूपांतर करणाऱ्या विकरांना (एन्झाइमांना) अडवणारे डीएनजे हे द्रव्य मुख्यतः पानांत असते. फळ गोडच, मधुमेह असलेल्यांनी ते मोजूनच खावे. पानांचा चहा किंवा चूर्ण मधुमेहाच्या गोळ्यांबरोबर घ्यायचे तर आधी डॉक्टरांना विचारावे, कारण रक्तातली साखर एकदम उतरू शकते.

फळ अतिशय नाजूक असते. आणल्या दिवशीच, खाण्याच्या जरा आधी हलक्या हाताने धुऊन संपवावे. फ्रिजमध्येही दोन दिवसांत त्याला पाणी सुटते.