डीएमए मास्कच्या एका ओळीमागचा इतिहास

गोव्यात वेर्ण्याला आमच्याकडे ड्रायव्हरच्या (हार्डवेअर चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) कामाला लागलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. मशीन ६४ बिटांचं आहे, मग स्टोरेज कंट्रोलरला (डिस्क सांभाळणाऱ्या चिपला) मेमरीचा किती बिटांचा पत्ता झेपतो, हे कर्नलला (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला) वेगळं कशाला सांगायचं? ड्रायव्हरमधली हे सांगणारी एक ओळ, तोच डीएमए मास्क.

त्यासाठी १९८१ पर्यंत मागे जावं लागतं. आयबीएम पीसीमध्ये डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरी आणि उपकरणात डेटा हलवणं, सांभाळायला इंटेलची ८२३७ चिप होती. तिचा पत्ता १६ बिटांचा. वरचे बिट वेगळ्या पेज रजिस्टरमध्ये, आणि ते आपणहून पुढे सरकत नसत. बफर (डेटा ठेवायचा मेमरीचा तुकडा) ६४ केबीची हद्द ओलांडून गेला, की उरलेला डेटा त्याच ६४ केबीच्या सुरुवातीला येऊन पडे आणि तिथलं पुसून टाके. आयबीएमच्या १९८४ च्या एटी मॉडेलमध्ये दुसरी चिप आली, पत्ता २४ बिटांचा झाला, म्हणजे १६ एमबी. एक्स८६ लिनक्समधला १६ एमबीचा डीएमए झोन (डीएमएसाठीचा मेमरीचा भाग) तिथून आलेला आहे. एटीची हार्ड डिस्क मात्र डीएमएच्या वाटेला गेलीच नाही; प्रोसेसरच एकेक शब्द उचलून आणी.

१९९२ मध्ये पीसीआय ही नवी बस (उपकरणं जोडणारी डेटाची सामाईक वाट) आली आणि कंट्रोलर सर्रास स्वतःच बसचा ताबा घेऊ लागला. मुलांना मी बार्ज दाखवतो. मांडवीच्या वेगवेगळ्या धक्क्यांवर खनिज भरलेल्या बार्ज नदीतून थेट मुरगावला जहाजाला लागतात, माल गावातून जात नाही. स्कॅटर-गॅदर यादी म्हणजे त्या धक्क्यांची यादी: मेमरीचे विखुरलेले तुकडे, ट्रान्सफर मात्र एकच.

पण धक्क्याचा पत्ता कोणाच्या नकाशावरचा? अल्फा, स्पार्कसारख्या यंत्रांवर प्रोसेसरचा पत्ता आणि बसवरचा पत्ता वेगळा असे. म्हणून लिनक्समध्ये हे पत्ते जुळवायची, म्हणजे मॅपिंगची, स्वतंत्र व्यवस्था आली. तिचा मूळ दस्तऐवज डेव्हिड मिलर, रिचर्ड हेंडरसन आणि याकुब येलिनेक यांचा. मास्क हा तिचाच भाग. पुढे कंट्रोलरशी बोलायची नवी मानकं आली: २००४ चं एएचसीआय, २०११ चं एनव्हीएमई. ड्रायव्हरची ती ओळ मात्र राहिली.

ती खरीच असावी लागते. आमच्याकडच्या एका कार्डाच्या ड्रायव्हरमध्ये ६४ लिहिलं होतं, चिपला ३२ च बिट कळत. ४ जीबीच्या मशीनवर महिनोन्‌महिने काही बिघडलं नाही. ८ जीबी घातल्यावर फाइलींमध्ये मधूनच परकी पानं दिसू लागली, कारण वरचे बिट गळून पत्ता खालच्या मेमरीत जाई. मास्क ३२ चा केला. वरच्या मेमरीतला डेटा आता कर्नल आधी खाली बाउन्स बफरमध्ये (चिपला पोहोचता येईल अशा तात्पुरत्या जागेत) आणतो. वेग थोडा गेला, पण वाचलेली प्रत्येक फाइल लिहिलेल्या फाइलीशी तंतोतंत जुळली.