कवळी सैल झालीय की तोंड कोरडं पडलंय?

"डॉक्टर, कवळी ढिली झाली, जरा घट्ट करून द्या." ही तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकांची कवळी दिली तशीच असते. कमी झालेली असते लाळ. वरची कवळी टाळूला धरून राहते ती मधल्या लाळेच्या पातळ थरामुळे, दोन ओल्या काचा एकमेकींना चिकटतात तशी. थरच नसेल तर ती बोलता बोलता सुटणार, आणि कोरड्या हिरड्यांवर घासून जखमा करणार.

निरोगी माणसाला दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती आटते बहुतेक वेळा औषधांमुळे. वयाला उगाच दोष दिला जातो. ॲलर्जीच्या, नैराश्यावरच्या, सारखी लघवी होऊ नये म्हणून दिलेल्या, तर बीपीसाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्याही यात येतात. आटोक्यात नसलेला मधुमेह, तोंडाने श्वास घेणं, तंबाखू, डोक्या-मानेला घेतलेलं रेडिएशन हीसुद्धा कारणं. डोळेही कोरडे पडत असतील तर आवर्जून सांगा, त्याची तपासणी वेगळी असते.

म्हणून विनंती एकच: येताना चालू औषधांची पाकिटं घेऊन या. "बीपीची एक छोटी पांढरी गोळी आहे" यावरून काही कळत नाही, आणि तुमची खेप फुकट जाते. दाताच्या दवाखान्यात या चौकशा कशाला, असं काहींना वाटतं. पण कवळीचं ॲक्रिलिक, म्हणजे तिचं प्लॅस्टिक, एकदा घासलं की परत येत नाही, त्यामुळे कारण कळेपर्यंत आम्ही कवळीला हात लावत नाही. गोळी मात्र मनाने बंद करू नका; बदलायची की वेळ पुढेमागे करायची, हे ती देणारे डॉक्टर ठरवतील.

तोवर कवळी पाण्यात भिजवून घाला आणि दिवसभर घोट घोट पाणी प्या. चिकटवायच्या पेस्टचे थरावर थर देऊन उपयोग नाही, तिलाही पकडायला ओल लागते. आंबट-गोड गोळ्या चघळल्याने लाळ सुटते खरी, पण उरलेले दात मुळाशी किडतात. चघळायचीच तर बिनसाखरेची, झायलिटॉलची गोळी घ्या. माउथवॉश बिनअल्कोहोलचा हवा. रात्री कवळी काढून पाण्यात ठेवा.

एवढ्याने भागलं नाही तर कृत्रिम लाळेची जेल मिळते. आमच्याकडे ती असते; आधी इथेच लावून, थोडं बोलून पाहा, मग घ्यायची की नाही ते ठरवा.

आणि येताना कवळी डब्यातून आणू नका, घालून या. कुठे सुटते ते तोंडातच दिसतं.