मराठी चित्रपटातील समलिंगी व्यक्तिरेखा

मराठी चित्रपटात समलिंगी व्यक्तिरेखा मोजक्याच आढळतात, आणि त्यांतल्याही बऱ्याचशा दुसऱ्या कुणाच्या तरी कथेच्या ओघात आलेल्या आहेत. जब्बार पटेल दिग्दर्शित ‘उंबरठा’ (१९८२) हे याचे ठळक उदाहरण. महिला सुधारगृहातील दोन स्त्रियांचे परस्परसंबंध या चित्रपटाने त्या काळी उघडपणे पडद्यावर आणले. मात्र त्या दोघींकडे प्रेक्षक पाहतो तो अधीक्षिका सुलभा महाजन हिच्या नजरेतून, म्हणजे संस्थेपुढील अनेक प्रश्नांपैकी एक प्रश्न म्हणून.

बायकी हावभावांचा पुरुष म्हणजे समलिंगी, आणि समलिंगी म्हणजे हशाचा विषय, हे समीकरण पडद्यावर दीर्घकाळ टिकून राहिले. रवी जाधव यांच्या ‘नटरंग’ने (२०१०) त्याची दुसरी बाजू दाखवली. त्यातील गुणा समलिंगी नाही, तो संसारी माणूस आहे. तरीही तमाशात नाच्याची भूमिका पत्करल्यामुळे त्याच्या वाट्याला टिंगल आणि लैंगिक अत्याचार येतात.

अलीगढ मुस्लिम विद्यापीठातील मराठीचे प्राध्यापक आणि कवी रामचंद्र सिरस यांच्या समलिंगी संबंधांवरून २०१० मध्ये झालेल्या निलंबनावर आधारलेला हंसल मेहता यांचा ‘अलीगढ’ (२०१६) हिंदीत असला, तरी त्याचा उल्लेख येथे अपरिहार्य ठरतो. मनोज बाजपेयी यांनी साकारलेले सिरस मद्याचा पेला घेऊन एकटेच लताबाईंचे गाणे ऐकत, गुणगुणत बसतात. खटल्याच्या कोणत्याही युक्तिवादापेक्षा हा लांबलेला प्रसंग त्या माणसाविषयी अधिक सांगून जातो. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ या मराठी कादंबरीवरील चित्रपटही (२०२२) हिंदीतच निघाला.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’मध्ये (२०२५) मात्र समलिंगी नायकच केंद्रस्थानी आहे. वडिलांच्या निधनानंतर मुंबईचा आनंद दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो. सुतकाचे नियम पाळावे लागतात, लग्नाचा विषय नातेवाईक सोडत नाहीत, आणि अशातच बालपणीचा मित्र बाळ्या, जो शेती करतो, त्याच्या जवळ येतो. आनंदच्या आईला मुलाविषयी ठाऊक आहे. घरच्यांपुढे कबुली देण्याचा नेहमीचा नाट्यमय प्रसंग त्यामुळे टळतो आणि आनंद आणि बाळ्या यांच्या सहवासाला निवांत अवकाश मिळतो. सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे परीक्षक मंडळाचे सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळाले, आणि १९ सप्टेंबर २०२५ रोजी तो भारतातील चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला.