प्रेसनोट ते फॉरवर्ड

२८ ऑक्टोबर १९०६. अमेरिकेत अटलांटिक सिटीजवळ पूल ओलांडताना पेनसिल्व्हेनिया रेलरोडची विजेवर चालणारी गाडी रुळांवरून घसरून पाण्यात कोसळली. ५३ माणसं दगावली. अपघात झाला की बातमीदारांना जवळ फिरकू द्यायचं नाही, हा तेव्हाच्या रेल्वे कंपन्यांचा शिरस्ता. कंपनीचं प्रसिद्धीचं काम पाहणाऱ्या आयव्ही ली यांनी तो मोडला आणि स्वतःच निवेदन लिहून वर्तमानपत्रांकडे धाडलं. न्यूयॉर्क टाइम्सने ते ३० तारखेला जसंच्या तसं छापलं. प्रेसनोटची सुरुवात बहुतेक जण इथूनच मोजतात.

ली यांच्या धाडसाइतकाच मला इथे छापखान्याचा वेग महत्त्वाचा वाटतो. घटना आणि बातमी यांच्यामध्ये अख्खी रात्र असायची. माहिती गोळा करा, खातरजमा करा, साहेबांची सही घ्या. जनसंपर्काचं सगळं काम या मधल्या वेळेवर उभं राहिलं. पुढे फॅक्स आला. त्याच्या गुळगुळीत कागदाला शाई लागत नसे, कागदावरचं रसायनच उष्णतेने काळं पडे. अक्षरं काही महिन्यांत पुसट होत, म्हणून फाइलला लावण्याआधी त्याची झेरॉक्स काढावी लागे. वेळ वाचला, तरी प्रेसनोट पोहोचायची ती संपादकाच्याच टेबलावर.

१५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरलं. मदतीला निघालेल्या फेरीबोटीवरच्या एका प्रवाशाने पाचेक मिनिटांत त्याचा फोटो ट्विटरवर टाकला. विमानातले सगळे १५५ जण वाचले. जगाने तो फोटो पाहिला, तेव्हा विमान कंपनीचं निवेदन यायचंच होतं.

ट्विटर (आताचं एक्स) तरी उघडा चौक आहे. तिथे चुकीचं काही पसरलं, तर तिथेच खुलासा करता येतो. व्हॉट्सॲपवर संदेश पाठवणाऱ्याच्या फोनमध्येच कुलूपबंद होतो आणि किल्ली असते ती घेणाऱ्याच्या फोनमध्ये. मधल्या सर्व्हरलाही तो वाचता येत नाही. खासगीपणासाठी हे हवंच. पण त्यामुळे अफवा कोणत्या वाटेने गेली ते बाहेरच्याला दिसत नाही, मग खुलासा तरी कुठे पाठवणार?

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, भरल्या बाजारात, मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागत फिरणारी माणसं होती ती. हे आठवलं की आजही सुन्न व्हायला होतं. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. गणित करून पाहा. प्रत्येकाने वीस जणांना पाठवलं, तर पाचव्या टप्प्यावर ३२ लाख. पाच जणांना पाठवलं, तर ३,१२५. मात्र आणखी तीन टप्पे गेले की तेही ३,९०,६२५ होतात. मर्यादेमुळे अफवा मंदावते, थांबत नाही.

म्हणून जिल्ह्याच्या प्रेसनोटइतकीच आता पोलीस पाटील, आशाताई आणि शाळेतले गुरुजी यांच्याशी आधीपासूनची ओळख लागते. ही माणसं गावाच्या ग्रुपमध्ये असतातच. “मी आत्ताच ठाण्यात फोन करून विचारलं, असं काही नाही,” हा गुरुजींचा संदेश त्याच ग्रुपमध्ये, अफवेच्या बरोबर खाली दिसतो.